गूजनेक कॅम्परची चेसिस वाकली किंवा तडकली तर: तपासणी, मोजमाप आणि दुरुस्ती

कालपर्यंत एका बोटाने लागणाऱ्या कॅम्परच्या दाराला आज खांदा लावावा लागत असेल, तर बिजागरीला तेल घालण्याआधी खाली वाकून चेसिस, म्हणजे घर पेलणारा लोखंडी सांगाडा, बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी चीर, पुढच्या भिंतीजवळ फाटलेलं सीलंट, बाहेरच्या पत्र्यावर पडलेली सुरकुती, एकाच बाजूचे लवकर झिजलेले टायर, ही सगळी बहुतेक वेळा वरची लक्षणं असतात. मूळ दुखणं खालच्या लोखंडात असतं.

फिफ्थ व्हील जोडणी नागपूरला नवी नाही. अमरावती रोडवर वाडीला कोणत्याही ट्रेलरच्या घोड्यामागे, म्हणजे ओढणाऱ्या ट्रकच्या मागे, ती दिसते: वरून बसणारी किंगपिन आणि तिला पकडणारं जाडजूड ताट. फिफ्थ व्हील कॅम्परमध्ये हेच ताट पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या जवळपास वर बसवलेलं असतं. कॅम्परचा, म्हणजे ओढून नेण्याच्या घराचा, पुढचा भाग हौद्याच्या वरून हंसाच्या मानेसारखा (म्हणून ‘गूजनेक’) पुढे येतो आणि पिनवर टेकतो. ही रचना अमेरिका-कॅनडात रुळलेली आहे. आपल्याकडे असे कॅम्पर मोजकेच, पण ताडोबा, पेंच, चिखलदऱ्याला कुटुंबासह फिरणाऱ्यांमध्ये चाकांवरच्या घराची ओढ वाढते आहे आणि चॅनेलवर (सी आकाराच्या लोखंडी तुळईवर) बांधलेल्या ट्रेलरचे प्रश्न सगळीकडे सारखेच आहेत.

या लेखात माझा सगळा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. तडा दिसला की वेल्डिंगचा रॉड घेऊन धावायचं नाही. तडा तिथेच का पडला याचं उत्तर मिळेपर्यंत वेल्डिंग मशीनची वायर सोडायची नाही. वजन जास्त होतं, जॅक चुकीचा लावला होता, मान कमकुवत होती की मुळात जोडच वाईट होता, हे कळल्याशिवाय भरलेला तडा पुढच्याच उन्हाळ्यात दोन इंच सरकून पुन्हा दिसतो. तेव्हा तो आधीपेक्षा वाईट जागी असतो.

आधी वजन, मग बाकी सगळं

कॅम्पर नेहमीच्या प्रवासाला निघतो तसा भरा. पाण्याची टाकी, गॅस, भांडीकुंडी, सायकली, सगळं चढवा आणि धर्मकाट्यावर न्या. कळमना बाजाराच्या आसपास आणि वाडीच्या बाजूला काट्यांची कमतरता नाही. तीन वजनं घ्यायची. एक, फक्त पिकअपचं. दोन, पिकअप आणि कॅम्पर जोडलेल्या अवस्थेत दोन्ही काट्यावर. तीन, पिकअप पुढे काढून फक्त कॅम्परची चाकं काट्यावर, पण जोडणी न सोडता. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की कॅम्परचं पूर्ण वजन मिळतं. त्यातून तिसरं वजा केलं की पिनवर किती भार येतो ते मिळतं.

फिफ्थ व्हील कॅम्परमध्ये पिनवर साधारण १५ ते २५ टक्के वजन असावं. त्याहून कमी असेल तर गाडी मागे डुलते, जास्त असेल तर मान आणि पिकअपचा मागचा ॲक्सल दोघंही मार खातात. पूर्ण वजन आरसीवर नोंदलेल्या वजनाशी ताडून बघा. ते जास्त निघालं, तर तुमच्या तड्याचं अर्धं कारण तिथेच सापडलं. २०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचे २०० किलो, आणि ती टाकी चेसिसवर नेमकी कुठे बसवली आहे यावर बरंच काही ठरतं.

भार कुठून कुठे जातो

हा भाग थोडा हिशेबाचा आहे, पण तो कळला की तडा कुठे शोधायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

कॅम्पर दोन ठिकाणी टेकलेला असतो, पुढे पिनवर आणि मागे ॲक्सलवर. मधला भाग आपल्या वजनाने खाली झुकू बघतो, म्हणून तिथे चॅनेलची खालची फ्लँज (आडवी कड) ताणली जाते. ॲक्सलच्या मागे लोंबणाऱ्या भागात उलटं घडतं, तिथे वरची फ्लँज ताणली जाते. लोखंड दाबाने सहसा तडकत नाही, ताणाने तडकतं. म्हणून मधल्या भागात तडा खालून वर चढतो आणि मागच्या बाजूला, विशेषतः जनरेटर किंवा सायकलींचा स्टँड मागे लटकवला असेल तर, वरून खाली उतरतो.

मानेची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पिकअप पिनला खालून वर ढकलतो. त्यामुळे मान जिथे खाली उतरून मुख्य चेसिसला मिळते, त्या कोनाची आतली बाजू उघडू बघते. फिफ्थ व्हील कॅम्परचे बहुतेक गंभीर तडे या आतल्या कोपऱ्यात किंवा पिनबॉक्सच्या (किंगपिन धरून ठेवणाऱ्या पेटीच्या) जोडावर सुरू होतात.

आता आकडे बघू. समजा कॅम्पर ४,००० किलोचा आहे आणि पिनवर २० टक्के, म्हणजे ८०० किलो येतात. पिनपासून त्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर १.८ मीटर आहे. ८०० गुणिले १.८, म्हणजे १,४४० किलोग्रॅम-मीटर एवढा वाकवणारा जोर तिथे उभ्या गाडीतच असतो. मानेचं स्वतःचं वजन खाली दाबतं म्हणून प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो, पण हिशेब सुरक्षित बाजूने धरलेला बरा. दोन चॅनेलांत वाटला तर प्रत्येकी ७२० आला. हा जोर चार इंची चॅनेलवर, म्हणजे आयएसएमसी १०० वर, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १,९३० किलो ताण आणतो. पाच इंचीवर तो सुमारे १,०८० होतो आणि सहा इंचीवर ६९०. आयएस २०६२ च्या ई-२५० प्रतीचं साधं लोखंड साधारण २,५५० ला कायमचं वाकायला लागतं.

रस्त्यावर खड्डा लागला की हा ताण सहज दुप्पट होतो. चार इंचीचे ३,८६० होतात, म्हणजे ते लोखंड वाकणार. पाच इंचीचे २,१६० होतात. एका खड्ड्यात ते वाकणार नाही, पण असे हजारो धक्के खाल्ल्यावर वेल्डजवळ थकून तडकेल. सहा इंची १,३८० वर राहतं. एकाच आकाराच्या दोन कॅम्परपैकी एक दहा वर्षं टिकतो आणि दुसरा दोन मोसमांत दार अडकवायला लागतो, याचं कारण बहुधा या दोन इंचांत असतं. बाजारात हलक्या वजनाचा चॅनेलही मिळतो. चार इंची चॅनेल मीटरला साधारण साडेनऊ किलो भरायला हवा. नवा माल घेताना एक तुकडा वजन करून बघा.

सलग धक्क्यांचा मुद्दा नागपूरकरांनी विशेष लक्षात घ्यावा. समृद्धी महामार्ग गुळगुळीत वाटतो, पण सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावरचे सांधे ठरावीक अंतराने चाकाखाली येत राहतात. ७०१ किलोमीटरच्या प्रवासात मानेला तोच छोटा झोका अगणित वेळा बसतो. एका मोठ्या खड्ड्याइतकाच हा बारीक, न थकणारा ठोका वेल्डला थकवतो.

जागा आणि वेळ

मोजमापासाठी सपाट, टणक जागा लागते. काँक्रीटचा कोबा किंवा पेट्रोल पंपाचं पटांगण चालेल. विदर्भातली काळी माती अजिबात नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि एका बाजूचा जॅक अर्ध्या तासात खचतो. मोजमाप चुकतं तेवढ्यावर भागत नाही, तिथे उभा असताना चेसिसला पीळ पडतो तो वेगळाच.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधीची. लोखंड एका मीटरला एका अंशाने सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. आठ मीटरचा चॅनेल, आणि पहाटेच्या व भर उन्हातल्या लोखंडात ३० अंशांचा फरक, म्हणजे जवळपास तीन मिलिमीटर वाढ. एका बाजूच्या चॅनेलवर ऊन आणि दुसऱ्यावर सावली असेल तर सरळ चेसिससुद्धा वाकडी दिसेल. मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकावं.

दोरी, लेव्हल पाइप आणि फूटपट्टी

महागड्या यंत्रांची गरज नाही. गवंड्याकडे असतात ती साधनं पुरतात.

प्रत्येक चॅनेलच्या खालच्या फ्लँजला पुढे आणि मागे सारख्या जाडीचे दोन लाकडी ठोकळे लावा आणि त्यावरून नायलॉनची दोरी घट्ट ताणा. मग दर अर्ध्या मीटरवर दोरी आणि फ्लँज यांतलं अंतर लिहून घ्या. डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळे लिहा. दोन्ही सारखे झुकले असतील तर ती वजनाची गोष्ट आहे. एकच झुकला असेल तर त्या बाजूला तडा, तुटलेला आडवा मेंबर (दोन चॅनेलांना जोडणारी आडवी तुळई) किंवा एकतर्फी भरलेलं सामान शोधा.

पीळ बघायला लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घ्या. चेसिसच्या चारही कोपऱ्यांवर पाण्याची पातळी धरून उंची लिहा. पुढची डावी-उजवी जोडी सपाट आणि मागची तिरकी, असं आलं तर चेसिस पिळलेली आहे.

शेवटी ॲक्सल सरळ आहे का ते. किंगपिनच्या मध्यातून खाली ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. तिथून पहिल्या ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत अंतर मोजा. दोन्हींत एका सुतापेक्षा, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. दोन ॲक्सल असतील तर एकमेकांतलं अंतर डावी-उजवीकडे अर्ध्या सुताच्या आत जुळायला हवं. हे जुळत नसेल तर हँगर (स्प्रिंग पेलणारा ब्रॅकेट) सरकला आहे किंवा वाकला आहे, आणि टायर का झिजत होते तेही कळलं.

मानेची एक चाचणी मी कधीच टाळत नाही. कॅम्पर पिकअपला जोडलेला, चाकांना मागे-पुढे ठोकळे लावलेले. एकाने पुढचे उभे पाय (कॅम्पर उभा ठेवताना टेकवायचे) हळूहळू खाली सोडून पिनवरचा भार कमी करायचा आणि पुन्हा पाय उचलून तो परत द्यायचा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून मानेच्या कोपऱ्याकडे, पुढच्या भिंतीच्या सांध्याकडे आणि पिनबॉक्सच्या बोल्टकडे बघायचं. भार बदलताना सांधा श्वास घेतल्यासारखा उघडला-मिटला, बोल्टभोवतीचा रंग तडकला किंवा ‘टक्’ आवाज आला, तर दुखणं सापडलं. मोबाइलवर जवळून चित्रण करून ठेवा. मिस्त्रीला समजावताना ते फार उपयोगी पडतं. मात्र चाचणी चालू असताना कोणीही कॅम्परखाली जायचं नाही.

तडा शोधणं

खालच्या बाजूला प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं झाकण असेल तर ते काढावंच लागेल. त्यामागे ओल साठते आणि गंजही तिथेच लपतो. निदान मानेच्या खालचं आणि हँगरजवळचं झाकण उघडा. चेसिस धुवा, वाळू द्या आणि तारेच्या ब्रशने घासा. लगेच ग्राइंडर लावू नका, त्याने लोखंड पुसलं जाऊन बारीक तड्याचं तोंड बुजतं.

डोळ्यांनी शोधताना रंगावर गंजाची बारीक लाल रेघ बघा. तड्यात पाणी शिरतं, कडा एकमेकींवर घासतात आणि लालसर भुकटी बाहेर येते. मानेचा आतला कोपरा, पिनबॉक्सच्या पट्ट्या, आडव्या मेंबरच्या वेल्डची टोकं, स्प्रिंग हँगरचे कोपरे, उभ्या पायांचे ब्रॅकेट आणि वायर किंवा पाइपसाठी कोणीतरी नंतर पाडलेली भोकं, हा क्रम ठेवा. आधी कधी जोडपट्टी मारली असेल तर तिची दोन्ही टोकं आवर्जून बघा. पट्टी जिथे संपते तिथेच नवा तडा जन्माला येतो.

संशय असेल तिथे डाय पेनिट्रंट चाचणी करा. क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर असे तीन डबे असतात, वेल्डिंगच्या सामानाच्या मोठ्या दुकानात विचारा. जागा क्लीनरने पुसून कोरडी करा, लाल द्रव मारा आणि दहा ते पंधरा मिनिटं थांबा. मग कापडावर क्लीनर घेऊन पुसा. थेट लोखंडावर फवारा मारला तर तड्यातला रंगही धुऊन निघतो. नंतर डेव्हलपरचा पातळ थर द्या. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. साधारण ५० अंशांच्या वर तापलेल्या लोखंडावर ही चाचणी भरवशाची राहत नाही, आणि नागपूरच्या उन्हात उभी गाडी दुपारपर्यंत ती हद्द ओलांडते. म्हणून हेही काम सकाळचंच. तड्याची दोन्ही टोकं सापडली की पंचने खूण करा आणि फोटो काढा.

गाडी हलवायची की नाही

मुख्य चॅनेलची फ्लँज तडकली असेल, पिनबॉक्स हलत असेल किंवा स्प्रिंग हँगर तिरका झाला असेल, तर कॅम्पर जागेवरच राहू द्या. गॅरेज दोन किलोमीटरवर आहे, हळू नेऊ, हा विचारही नको. पिन सुटली तर मागे येणाऱ्या दुचाकीवाल्याला वाचायला वेळ मिळत नाही. वेल्डरला जागेवर बोलवा किंवा लोबेडवर (बुटक्या ट्रेलरवर) चढवून न्या.

आडव्या मेंबरच्या वेल्डमध्ये केसाएवढा तडा असेल तर टाक्या रिकाम्या करून, सामान काढून, हळू नेता येतं.

किंगपिनला मात्र वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही लावू द्यायची नाही. दोन इंची पिनची जोडणीतली जागा नवी असताना ५०.८ मिलिमीटर असते. व्हर्नियरने मोजून ती साधारण ४९ पर्यंत झिजली असेल, तर पिन बदलायची. भरून, खरादून पुन्हा वापरायची नाही.

दुरुस्तीआधीची तयारी

टाक्या रिकाम्या, गॅस सिलिंडर बाहेर आणि दूर. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि पिकअपची जोडणीही सोडा, नाहीतर त्याचा संगणक जळू शकतो. चेसिसच्या वर प्लायवूड आणि फोम असतो. वेल्डिंगची उष्णता त्याला आतून धुमसत ठेवते आणि ज्वाळा तासाभरानेही दिसू शकतात. काम होणाऱ्या जागेच्या वरची फरशी उघडा, पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवा, आणि काम संपल्यावर किमान तासभर कोणीतरी तिथेच थांबा.

आता कॅम्पर घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, असा टेकवा की तड्यावरचा ताण निघून जाईल. मानेच्या कोपऱ्यात तडा असेल तर पिनवरचा भार काढून मान आणि चेसिस दोन्ही खालून आधारावर घ्या. तडा मिटताना दिसला पाहिजे. दोरी पुन्हा ताणा, मोजमाप जुळेपर्यंत आधार कमी-जास्त करा. वाकडी चेसिस तशीच वेल्ड केली तर तो वाकडेपणा कायमचा होतो.

वेल्डिंग

तड्याच्या टोकाच्या किंचित पुढे सहा ते आठ मिलिमीटरचं भोक पाडतात, म्हणजे काम चालू असताना तो पुढे पळत नाही. हे फक्त उभ्या वेबमध्ये (चॅनेलच्या मधल्या भिंतीत) करा. फ्लँजमध्ये भोक पाडायचं नाही, तिथे तडा टोकापर्यंत घासून काढायचा. मग तड्याच्या पूर्ण लांबीत आणि जाडीत ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करा, दोन्ही बाजू मिळून साधारण ६० अंश. खाच झाल्यावर पेनिट्रंट पुन्हा मारा. तड्याचा अंशही उरला असेल तर वरचं वेल्डिंग त्याचं फक्त झाकण ठरतं.

रॉड कोणता, हे विचारायला संकोचू नका. गेट आणि ग्रिलच्या दुकानांत सहसा ६०१३ रॉड असतो. तो खिडकीच्या जाळीला ठीक आहे. थकवा सोसणाऱ्या चेसिसला कमी हायड्रोजनचा ७०१८ हवा आणि तो कोरडा हवा. पावसाळ्यात उघड्या पाकिटात पडलेल्या रॉडने ओल धरलेली असते आणि तीच ओल वेल्डजवळ पुढचा तडा तयार करते. असा रॉड भट्टीत ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजून घ्यावा, नेमका आकडा पाकिटावर असतो. कार्बन डायऑक्साइडवरची मिग वेल्डिंगही चांगली, पण वारा अडवायला आडोसा लागतो. उघड्या पटांगणातला वारा गॅस उडवून नेतो आणि जोड भोकाभोकांचा होतो.

अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळ, त्याच चॅनेलवर, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. चाकाला किंवा स्प्रिंगला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर चट्टे पडतात. सलग लांब टाका नको. थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये थंड होऊ देत. थंड करायला पाणी ओतायचं नाही. शेवटी वेल्ड चॅनेलच्या लांबीच्या दिशेने घासून सपाट करा आणि तिसऱ्यांदा पेनिट्रंट मारा.

जोडपट्टी आणि कोपऱ्याचा गसेट

“भाऊ, एक पट्टी मारून देतो, हलणार नाही,” असं वर्कशॉपमध्ये हमखास ऐकू येतं. पट्टी हवीच, पण कशी, हे आपण सांगायचं.

पट्टीची जाडी चॅनेलच्या वेबइतकी, त्याहून जास्त नको. फार जाड पट्टीमुळे तिच्या टोकाशी लोखंड एकदम ताठ होतं आणि सगळा ताण तिथे गोळा होतो. टोकं सरळ कापू नका. शंकरपाळ्यासारखी तिरकी कापा म्हणजे भार हळूहळू उतरतो. कोपरे गोल करा. पट्टी वेबवर लावा आणि तिची वेल्ड फ्लँजच्या कडेपासून किमान २० मिलिमीटर दूर ठेवा. ताणाखालच्या फ्लँजवर आडवी वेल्ड मारायची नाही, हा नियम मी सगळ्यात वर ठेवतो. आतून आणि बाहेरून दोन पट्ट्या असतील तर त्यांची टोकं एकाच रेषेत येऊ देऊ नका. चॅनेल बंद करून पेटी केलीत तर खाली पाणी निघायला भोक ठेवा, नाहीतर ती आतून गंजेल.

मानेच्या कोपऱ्यात गसेट (त्रिकोणी आधारपट्टी) देणं हा खरा इलाज. दोन्ही बाजूंनी, प्रत्येक भुजा साधारण ३०० मिलिमीटर आणि टोकं निमुळती. जागा असेल तर तिरका आधारही चांगला. पण गसेट खालून लावताना पिकअपच्या हौद्याचा विचार करा. हौद्याच्या कडा आणि मानेचा तळ यांत साधारण सहा इंच मोकळी जागा लागते, आणि वळताना हौद्याचा कोपरा गसेटवर आदळता कामा नये. जोडून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, रिकाम्या मैदानात हे तपासा. मूळ चॅनेलच हिशेबात कमी पडत असेल तर गसेटने तडा फक्त सरकेल. अशा वेळी मानेचे चॅनेल बदलणं हाच मार्ग आहे, खर्च वाटला तरी.

हँगर, बुश आणि बोल्ट

दोन ॲक्सलचा कॅम्पर जागच्या जागी वळवला की टायर आडवे घासतात आणि हँगर बाजूला ओढले जातात. उंच, अरुंद हँगर पातळ फ्लँजवर वेल्ड केलेले असतील तर फ्लँजच फाटते. उपाय सोपा आणि स्वस्त आहे. समोरासमोरचे हँगर आडव्या पाइपने किंवा अँगलने एकमेकांना जोडा. बुश (बोल्टभोवतीची नळी) नायलॉनचे असतील तर ते झिजून बोल्ट थेट लोखंडावर चालू लागतो. त्याऐवजी ब्राँझचे बुश आणि ग्रीसची सोय असलेले बोल्ट बसवा. शॅकलची (स्प्रिंग जोडणाऱ्या पट्टीची) भोकं लांबट झाली असतील तर शॅकल बदला. यू-बोल्ट कसायला साध्या पान्ह्याऐवजी टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पान्हा) वापरा.

मिस्त्री कोण, आणि आरटीओ

वाडी, कामठी रोड, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीच्या परिसरात ट्रक-ट्रेलरचं काम करणारे भेटतात. ग्रिलवाल्यापेक्षा ट्रेलरवाला निवडा. काम देण्याआधी त्याच जाडीच्या दोन तुकड्यांचा जोड करून मागा आणि शिकंज्यात धरून घणाने वाकवून बघा. चांगला वेल्डर याला नाराज होत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. तडा भरणं आणि मजबुती देणं ही दुरुस्ती झाली. लांबी वाढवणं, ॲक्सल वाढवणं किंवा नोंदलेलं वजन बदलेल असं काही करणं यासाठी आधी आरटीओकडे जा, तुमची पासिंग एमएच ३१ ची असो, ४९ ची किंवा ४० ची. विमा कंपनीलाही दुरुस्तीचे फोटो आणि बिल द्या.

अमेरिकेत राहणाऱ्या मुला-भावंडांच्या कॅम्परबद्दल कोणी विचारलं, तर त्यांना वेगळं सांगा. तिथे चेसिस बहुधा एक कंपनी बनवते आणि वरचं घर दुसरी, म्हणून तक्रार दोघांकडेही लेखी करावी. वॉरंटीची तपासणी होईपर्यंत काहीही वेल्ड करू नये. १७ अंकी-अक्षरी व्हीआयएन आणि वजनाच्या स्टिकरचा फोटो जोडावा, आणि सुरक्षेचा प्रश्न असेल तर एनएचटीएसए या सरकारी यंत्रणेकडे नोंद करावी. तिथल्या अनेक कॅम्परमध्ये भिंती चिकटवलेल्या थरांच्या असतात. मान लवचीक असेल तर लोखंडाआधी भिंतीचा चिकटपणा सुटतो, म्हणून पुढच्या भिंतीचे फोटो जास्त महत्त्वाचे.

रंग, आणि पहिले काही महिने

वेल्डवर झिंक प्रायमर आणि त्यावर चेसिसचा रंग. ओल्या किंवा गंजलेल्या लोखंडावर डांबर फासू नका, त्याखाली गंज निवांत वाढतो. दुरुस्तीच्या जागी शेवटचा हात पांढऱ्या रंगाचा द्या. त्यावर लाल रेघ लांबूनही दिसते.

कॅम्पर उभा करताना आधी चाकांखाली फळ्या घालून डावी-उजवी बाजू सपाट करा, मग पुढच्या पायांनी पुढची-मागची, आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यांचे जॅक फक्त टेकवा. त्या जॅकनी गाडी उचलायची नाही. मातीवर प्रत्येक पायाखाली निदान एक फूट बाय एक फुटाची, दोन इंच जाड फळी हवी. पाऊस पडून गेला की सकाळी लेव्हल पुन्हा बघा.

पहिली फेरी रिकाम्या टाक्यांनी, शंभरेक किलोमीटरची करा. उमरेडपर्यंत जाऊन परत आलात तरी पुरे. परतल्यावर बोल्ट पुन्हा कसा, दोरी ताणून आधीच्या आकड्यांशी ताडा आणि मानेची चाचणी पुन्हा करा. नंतर पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा, तेच ठोकळे, तीच जागा, सकाळची तीच वेळ. आकडे एका वहीत तारखेसह लिहा आणि वही कॅम्परमध्येच ठेवा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही.